ऊर्जेची यादी नको, साखळी हवी: कोकणातली उदाहरणं सुचवा

सुरंगी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी दुपारी सहावी ते आठवीची मुलं विज्ञानासाठी जमतात. सध्या विषय चालू आहे ऊर्जा. प्रकार सगळ्यांना तोंडपाठ: स्थितिज, गतिज, उष्णता, प्रकाश, ध्वनी, रासायनिक, विद्युत, अणू. माडावरच्या नारळात कोणती ऊर्जा, असं विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात 'स्थितिज' म्हणतो. पण ती ऊर्जा एवढ्या उंचावर चढली कशी, असं विचारलं की सगळे गप्प. पुस्तकातला नारळ आधीपासूनच वर असतो ना.

प्रकारांना नावं देणं सोपं आहे. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, एका वस्तूतून दुसरीत जाते आणि तरी सगळी बेरीज तेवढीच राहते, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं असं मला मनापासून वाटतं. पुस्तकातली उदाहरणं धरण, बॅटरी आणि इस्त्रीपाशी संपतात. मला इथल्या पोरांच्या रोजच्या पाहण्यातली हवीत, आणि जमलं तर आकड्यांसकट. आकडा आला की मुलं हिशेब करायला बसतात.

हापूसवाडी

सुरंगी, चांगला धागा. देवगडहून एक उदाहरण देतो. आंब्याची आढी.

पेंढ्याच्या थरात आंबे लावले की चार-पाच दिवसांनी आत हात घालून बघा, उबारा जाणवतो. बाहेरून कोणी ऊब दिलेली नसते. तोडलेलं फळ जिवंत असतं, श्वास घेत असतं. आत साठवलेल्या पिठूळ भागाची साखर होते आणि त्यातली थोडी साखर ऑक्सिजनशी संयोग पावून जळते, अर्थात ज्योतीशिवाय, अगदी हळू. रासायनिक ऊर्जेची उष्णता होते. पेंढ्यात हवा अडकलेली असल्यामुळे ती उष्णता लवकर बाहेर जात नाही आणि उबेत पिकण्याची क्रिया आणखी वेग घेते. म्हणून आढी मधूनमधून उघडून बघावी लागते. फार ऊब धरली तर आंबा पिकण्याऐवजी उबतो.

ती साखर आली कुठून, तर पानांनी उन्हातून केली. म्हणजे हिवाळ्यातलं ऊन वैशाखात आढीत हाताला लागतं. ही साखळी मुलं विसरणार नाहीत.

निवृत्त_मास्तर

मी चिपळूणला पदार्थविज्ञान शिकवत असे. आढीचं उदाहरण माझ्या वर्गात यायला हवं होतं इतकं छान आहे.

नारळाचा हिशेब देतो. सोडणासकट, म्हणजे वरच्या काथ्याच्या आवरणासकट, नारळ दीड किलोचा आणि माड १५ मीटर उंच धरा. वस्तुमान गुणिले ९.८ (गुरुत्व त्वरण) गुणिले उंची, म्हणजे सुमारे २२० ज्यूल. ज्यूल हे ऊर्जेचं एकक. देठ सुटला की हीच स्थितिज ऊर्जा गतिज होत जाते आणि जमिनीला टेकताना वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असतो. माडाखाली खाट टाकू नये ते याचसाठी. आपटल्यावर थोडा आवाज होतो, थोडी माती उडते, आणि बाकी सगळी ऊर्जा नारळ आणि जमीन किंचित तापवण्यात जाते. किंचित म्हणजे किती? तेवढ्या ऊर्जेने अर्धा कप पाणी फक्त अर्धा अंश तापेल.

आता माडावर चढणाऱ्या गड्याचं बघा. ६० किलोचा माणूस १५ मीटर चढला की त्याने सुमारे ८,८०० ज्यूल कार्य केलं. अन्नाच्या भाषेत फक्त २ किलोकॅलरी. पण आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कार्यात उतरवतात, बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्षात ८-९ किलोकॅलरी खर्च होतात आणि गडी घामाघूम होऊन उतरतो. तेवढी ऊर्जा अडीच ग्रॅम ओल्या खोबऱ्यात असते.

आणि सुरंगीताई, नारळ वर चढला कसा, याचं उत्तर: तो वर चढलाच नाही, तो वरच घडला. मुळांतून पाणी वर गेलं ते पानांतून उन्हाने बाष्प उडत राहिलं म्हणून, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर झाली तीही उन्हानेच. १५ मीटर उंचावरचं शहाळ्याचं पाणी ही सूर्याने केलेली उचल आहे.

दर्यावर्दी

मालवणातसून लिवतंय. आमच्या आज्याची होडी शिडाची होती. पाटे मतलय (जमनीवरसून दर्याकडे जाणारो वारो) सुटली की तो भायर पडा, आणि दोनपारा खारो वारो धरलो की शीड उभारून परत येय. तेका ह्या शिकवूक खंयचा पुस्तक नाय होता. रातीचा दर्याचा पाणी उबदार लागता आणि रेती थंडगार, ता पायाक कळता.

सुरंगीबाय, पोरांका एकदा दोनपारा अनवाणी रेतयेर उभी करा आणि मगे पाण्यात नेवा. खारो वारो कित्याक येता ता सांगूची गरज पडाची नाय.

निवृत्त_मास्तर

दर्यावर्दी, याहून चांगला प्रयोग नाही. त्यात आकडा एवढाच घालतो: एक किलो कोरडी रेती एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपट एक किलो पाण्याला लागते. शिवाय समुद्रावर पडलेलं ऊन खोलवर पसरतं, लाटांनी ढवळलं जातं आणि बराच भाग बाष्पीभवनात जातो. म्हणून दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येते. रात्री उलटं. प्रकाश, मग उष्णता, मग हवेची गतिज ऊर्जा, मग होडीची. देवगडच्या पवनचक्क्यांत याच साखळीला शेवटी विजेची कडी जोडलेली आहे.

अष्टागर

रेवदंड्याकडच्या वाड्यांत पूर्वी रहाट होते. बैल गोल फिरे, माळेवरची गाडगी भरून वर येत आणि पाणी पाटाने सुपारीला जाई. गवतातली रासायनिक ऊर्जा, बैलाचे स्नायू, लाकडी चाकांची गती, आणि शेवटी उंचावर आलेल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा. मधल्या वाटेत लाकूड लाकडावर घासून जी कुरकुर ऐकू यायची ती ध्वनी ऊर्जा, आणि कणा गरम व्हायचा ती उष्णता. त्यासाठीच कण्याला वंगण घालत.

हा धागा वाचून मी हिशेब केला आणि चकित झालो. विहीर ८ मीटर खोल धरली तर हजार लिटर पाणी वर काढायला फक्त ७८ किलोज्यूल लागतात. एक युनिट वीज म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे एका युनिटच्या पन्नासाव्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त. पंपात आणि पाइपात निम्म्याहून जास्त वाया गेलं तरी खर्च युनिटच्या पाच-सहा शतांशाएवढाच. पण त्यातलंच २० लिटर पाणी आंघोळीसाठी २५ अंशांवरून ४५ वर न्यायला सुमारे १,६७५ किलोज्यूल लागतात. हजार लिटर उचलण्याच्या वीसपट! बरोबर आहे ना मास्तर?

निवृत्त_मास्तर

अगदी बरोबर. पाणी उचलायला ऊर्जा फार थोडी लागते, तापवायला फार जास्त लागते. मार्लेश्वरच्या धबधब्याखाली पाणी थंडगार लागतं ना? १०० मीटरवरून पडणारं पाणी आपटून सगळी ऊर्जा उष्णतेत गेली तरी पाव अंशाहून कमीच तापेल. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४५ मध्ये नायगऱ्याबद्दल हाच हिशेब मांडला होता.

पोफळीवाला

जलविद्युत केंद्रात नोकरी झाली, त्यामुळे राहवत नाही.

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यात. नदी पूर्वेला वाहणारी. पाणी मुकाट कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. त्यातलं काही बोगद्यांनी पश्चिमेला वळवून कोकणात उतरवलं आणि पोफळीला डोंगराच्या पोटात जनित्रं बसवली. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पहिल्या दोन टप्प्यांत पाणी सुमारे ४७५ मीटर खाली येतं. तिथून ते कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिथे पुन्हा तिसऱ्या टप्प्यात वीज करतं आणि मग वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळतं.

आता हिशेब. हजार लिटर पाणी ४७५ मीटर उतरलं की ४,६५५ किलोज्यूल, म्हणजे १.३ युनिटला थोडं कमी. नुकसान वजा जाता एक युनिटच्या थोडं वर हाती येतं. चिपळूणच्या एखाद्या घरात एक युनिट वीज जळली, तर समजा जवळपास एक घनमीटर पाणी सह्याद्री उतरलं.

मला सगळ्यात देखणा वाटतो तो मधला टप्पा. पाणी तोटीतून बाहेर येताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असतो. तो झोत पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतो. चक्राचा वेग झोताच्या साधारण निम्मा ठेवलेला असतो. मग वाटीतून मागे फिरलेल्या पाण्यात वेग जवळजवळ उरतच नाही आणि ते सरळ खाली गळून पडतं. क्षणापूर्वी एवढं धावणारं पाणी वाटीखाली निपचित पडतं, कारण त्याची गतिज ऊर्जा चक्राने काढून घेतलेली असते. ऊर्जेचं हस्तांतरण याहून स्पष्ट मी कुठे पाहिलेलं नाही.

पाऊसनोंद

पोफळीवाला, तुमच्या साखळीच्या मागची कडी जोडतो. ते पाणी वर नेलं कोणी?

अरबी समुद्रातलं एक किलो पाणी बाष्प करायला सूर्याने सुमारे २,४५० किलोज्यूल खर्च केले. तेच एक किलो पाणी ४७५ मीटर उतरून आपल्याला साडेचार किलोज्यूलच्या आसपास देतं. म्हणजे पाचशेव्या हिश्श्याएवढं. मग बाकीची ऊर्जा गेली कुठे? ती बाष्पात दडलेली होती, आणि ढगात बाष्पाचे थेंब झाले तेव्हा उष्णता होऊन तिथेच हवेत सुटली. पाऊस पडतो म्हणजे वर आकाशात केवढी तरी उष्णता मोकळी होते.

किती, तेही मांडून बघा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. एका चौरस मीटरवर तीन हजार लिटर. गुणिले २,४५०, भागिले ३,६००: सुमारे २,००० युनिट. एका चौरस मीटरवर! त्याच चौरस मीटरवर वर्षभरात सूर्यप्रकाश पडतो तो दिवसाला पाच युनिट धरून १,८०० च्या आसपास. म्हणजे कोकणाच्या माथ्यावर ढग जेवढी उष्णता ओततात ती इथल्या उन्हापेक्षा जास्त. कारण ती दूरवरच्या समुद्राने गोळा केलेली असते आणि वाऱ्याने इथे आणलेली असते. हीच उष्णता हवेला वर लोटते, मागून आणखी दमट हवा ओढून घेते, आणि मोसमी वारे जोर धरतात.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपवून गेलं, त्यामागे ही बाष्पातली उष्णताच होती. तापलेल्या समुद्रावरून जाताना वादळ वाढतं आणि जमिनीवर आल्यावर बाष्पाचा पुरवठा तुटला की विरतं.

सुरंगी

पाऊसनोंद, हे वाचून बराच वेळ बसून राहिले. पर्जन्यमापक आमच्या शाळेत आहे. या वर्षी मुलांकडून रोजच्या मिलिमीटरांची युनिटं करून घेईन.

हर्णै_बंदर

उष्णता कुठून कुठे जाते याबद्दल बंदरावरची एक गोष्ट. सगळे म्हणतात बर्फाचा गारवा माशात जातो. गारवा कुठे जात नाही. माशातली उष्णता बर्फात जाते आणि बर्फ वितळतो. एवढं नीट समजलं की बर्फ कसा भरायचा हे आपोआप कळतं: माशाच्या प्रत्येक बाजूने बर्फ हवा, कारण उष्णता जिथून बर्फाला भेटेल तिथूनच बाहेर पडेल.

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. एक किलो मासळी २८ अंशांवरून शून्यावर आणायला शंभरेक किलोज्यूल काढावे लागतात. कागदावर एक किलो बर्फ तीन किलो मासळीला पुरायला हवा. पण होडीवर आपण मासळीइतकाच बर्फ भरतो. बाकीचा बर्फ पेटीच्या भिंतींतून, झाकणातून, वरच्या उन्हातून आत शिरणारी उष्णता गिळत असतो. पेटीला चांगला थर्माकोल लावला, झाकण कमी वेळा उघडलं, सावली धरली, की तोच बर्फ जास्त टिकतो. वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही एका पेटीत दाखवता येतात.

केळशी_मुंबई

सगळं वाचतोय. एक प्रश्न लहानपणापासून अडलेला आहे, तो इथे विचारतो. ऊर्जा नष्ट होत नाही, निर्माणही करता येत नाही, असं शिकवतात. आणि पुढच्याच पानावर 'ऊर्जा वाचवा' असतं. नष्टच होत नसेल तर वाचवायची कशाला?

निवृत्त_मास्तर

केळशी, हा प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हाला धन्यवाद. माझ्या मते या धड्याचा गाभा इथे आहे आणि शाळेत नेमका तोच राहून जातो.

वर आलेल्या साखळ्या पुन्हा पाहा. नारळ, गडी, रहाट, पेल्टन चक्र. प्रत्येकीत शेवटी काय उरतं? उष्णता. आणि तीही जराशी, आसपासच्या हवेपेक्षा किंचित जास्त तापलेली. बेरीज तेवढीच असते, पण ती पसरलेली असते. मुठीतले तांदूळ अंगणातल्या मातीत विखुरले तर दाणा एकही कमी झालेला नसतो, पण त्यांचा भात शिजवता येत नाही. ऊर्जेचंही तसंच आहे. वापरणं म्हणजे नाहीशी करणं नव्हे, पसरवून टाकणं. पसरलेली ऊर्जा आपण होऊन पुन्हा गोळा होत नाही. गोळा करायची तर त्यासाठी दुसरीकडची आणखी ऊर्जा पसरवावी लागते.

म्हणून एकाच युनिटची किंमत रूपाप्रमाणे वेगळी असते. विजेच्या एका युनिटपासून पूर्ण एक युनिट उष्णता सहज मिळते. उलट दिशेला तसं होत नाही. कोळशावरच्या केंद्रात जळणातल्या १०० भागांपैकी ३५ ते ४० भागांचीच वीज होते. बाकी धुराड्यातून हवेत आणि थंड करणाऱ्या पाण्यातून समुद्रात किंवा नदीत जाते. हा केवळ यंत्रांचा दोष नाही. कितीही उत्तम यंत्र केलं तरी उष्णतेचा काही भाग थंड बाजूला सोडावाच लागतो.

आता अष्टागरांची आंघोळ घ्या. अर्ध्या युनिटला थोडी कमी एवढी उष्णता हवी. चुलीवर: वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण १६ हजार किलोज्यूल असतात, म्हणजे शंभरेक ग्रॅम लाकूड पुरायला हवं. पण उघड्या चुलीत दहा-पंधरा टक्केच ऊब हंड्याला लागते, म्हणून पाऊण-एक किलो लाकूड, सोडणं, चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) जातात. गिझरवर: घरात नुकसान थोडं, पण ती वीज कोळशाची असेल तर केंद्रात जवळपास तिप्पट उष्णता आधीच खर्च झालेली. सोलर हीटरवर: ऊन थेट पाण्यात. ४५ अंशांच्या पाण्यासाठी विजेसारखी मोलाची ऊर्जा लावायची गरजच नाही.

आणि पृथ्वीचाही हिशेब असाच. सूर्याकडून जेवढी ऊर्जा येते जवळजवळ तेवढीच ती अवकाशात परत सोडते. येते ती साडेपाच हजार अंशांच्या सूर्यावरून आलेल्या प्रकाशाच्या रूपात, जाते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून, पसरलेल्या उष्णतेच्या रूपात. येणं आणि जाणं यांच्या मधल्या वाटेवर आंबा पिकतो, मतलई वाहते, कोयनेची चक्रं फिरतात. आपण जगतो ते त्या उताराच्या जोरावर.

केळशी_मुंबई

इतकी वर्षं हे कोणी असं सांगितलं नव्हतं. मनापासून आभार, मास्तर.

रुळावरून

कोकण रेल्वेचं उदाहरण राहिलं. हजार टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ३८६ मेगाज्यूल, म्हणजे १०७ युनिट. छोट्या घराला महिनाभर पुरेल एवढी. डिझेल इंजिनाच्या काळात गाडी थांबवताना ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांत नाहीतर इंजिनावरच्या रोधकांत तापून हवेत जायची. २०२२ मध्ये रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग विजेवर आला. आताची नवी विद्युत इंजिनं वेग कमी करताना मोटरीच जनित्रासारख्या चालवतात आणि गतिज ऊर्जेचा काही भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो. तीच वीज पलीकडून चढाला लागलेल्या दुसऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते.

मास्तरांच्या भाषेत, विखुरण्याआधीच पकडलेली ऊर्जा.

हापूसवाडी

म्हणजे शेवटी सगळी ऊर्जा सूर्याचीच म्हणायची? लाकूड, वारा, पाऊस, डिझेल, कोळसा, आंबा, सगळ्याच्या मुळाशी ऊन.

निवृत्त_मास्तर

बहुतेक सगळी. पण कोकणात दोन ठळक अपवाद हाताशी आहेत, ते मुलांना जरूर दाखवा.

एक, भरती-ओहोटी. तिच्यात सूर्याच्या ओढीचा वाटा आहे, पण उन्हाचा नाही. मुख्य ओढ चंद्राची, आणि खाडीत पाणी आतबाहेर करताना जी ऊर्जा घर्षणात जाते ती पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून वजा होते. त्यामुळे दिवस शतकाला दोनेक सहस्रांश सेकंदाने लांबतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. अपोलोच्या यात्रींनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर टाकून हे मोजलेलं आहे. भरतीपासून वीज करता येते. फ्रान्समध्ये ला रान्स इथे १९६६ पासून २४० मेगावॅटचं केंद्र आहे. पण तिथे भरती-ओहोटीतली तफावत सरासरी आठ मीटर. मिळणारी ऊर्जा तफावतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दोन मीटरच्या तफावतीला सोळावा हिस्साच हाती लागेल. दक्षिण कोकणात उधाणालाही पाणी साधारण तेवढंच चढतं.

दोन, गरम पाण्याचे झरे. राजापूरजवळचं उन्हाळे, संगमेश्वरकडचे तुरळ आणि राजवाडी, दापोलीकडचं उन्हवरे, उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरी. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या गरम खडकाला भेटून तापतं आणि वर येतं. खडकांची ती उष्णता काही पृथ्वी घडली तेव्हाची उरलेली, आणि काही युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी अणूंच्या विघटनातून अजूनही निघणारी. सुरंगीताई, उन्हाळे तर तुमच्या तालुक्यातच. अणुऊर्जा शिकवायला मुलांना त्या कुंडापाशी न्या.

दर्यावर्दी

आणि काजवे? पावसाच्या तोंडार झाडभर पेटतत ते. उजेड आसा, पण हाताक ऊब नाय.

निवृत्त_मास्तर

वा! रासायनिक ऊर्जेतून थेट प्रकाश, हाताला जाणवेल एवढी उष्णता नाहीच. जुन्या तारेच्या बल्बमध्ये शंभरातले जेमतेम पाच भाग उजेड व्हायचे, बाकी सगळी ऊब. समुद्रावर काही रात्री लाटा निळसर चमकतात तेही असंच, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे.

सुरंगी

आता एकच मागणं. यातलं काहीतरी मुलांनी स्वतः मोजावं असं हवं. पडणारी वस्तू तापते हे सांगून पटत नाही, कारण फरक इतका थोडा असतो.

निवृत्त_मास्तर

या अडचणीशी खुद्द ज्यूलही झगडले. वजन खाली सोडून त्यांनी पाण्यातली वल्ही फिरवली आणि फरक लहान म्हणून अतिशय बारीक तापमापी वापरली. त्याआधी रोबर्ट मायर नावाच्या जर्मन डॉक्टरांना हा विचार जहाजावर सुचला होता. १८४० मध्ये जावा बेटापाशी खलाशांच्या शिरेतून काढलेलं रक्त त्यांना नेहमीपेक्षा लालभडक दिसलं. उष्ण हवेत शरीराला ऊब राखायला कमी अन्न जाळावं लागतं, म्हणून ऑक्सिजन कमी खर्च होतो, असं त्यांनी ताडलं आणि तिथून उष्णता व कार्य यांचा संबंध १८४२ मध्ये मांडला. दमट किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता प्रयोग. पाणी घेऊ नका, ते तापायला नाखूश. कोरडी रेती घ्या. मीटरभर लांबीचा प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना घट्ट बूच, आत अर्धा किलो रेती. सुरुवातीचं तापमान दशांश अंश दाखवणाऱ्या डिजिटल तापमापीने मोजा. मग पाइप झटकन उलटा करा, रेती खाली पडू द्या, पुन्हा उलटा करा. शंभर वेळा. प्रत्येक वेळी रेती ८० सेंटिमीटर पडली असं धरलं तर किलोमागे एकूण ७८४ ज्यूल होतात. रेतीला अंशामागे किलोला साधारण ८०० ज्यूल लागतात. म्हणजे जेमतेम एक अंश वाढ. पाइपलाही ऊब जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी दिसेल.

सुरंगी

रेती दुप्पट घेतली तर जास्त तापेल का? हा प्रश्न मुलं नक्की विचारतील.

निवृत्त_मास्तर

पडण्याची उंची तेवढीच राहिली तर तत्त्वतः नाही. ऊर्जा दुप्पट मिळते आणि तापवायची रेतीही दुप्पट होते, वस्तुमान दोन्हीकडून कटतं. व्यवहारात मात्र जास्त रेतीला पाइपकडे जाणारं नुकसान प्रमाणात कमी पडतं, म्हणून आकडा एक अंशाच्या थोडा जवळ येईल. फक्त पाइप फार भरू नका, नाहीतर रेती पडायला उंचीच उरणार नाही. दोन्ही करून बघू द्या.

हाताची ऊब पाइपला लागू नये म्हणून जाड टॉवेल गुंडाळून टोकांना धरा. किनाऱ्यावरची रेती आणली तर आधी गोड्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा आणि मग वर्गात रात्रभर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ओलसर राहिली तर पाण्याचं बाष्पीभवन होऊन ती उलट गार होईल. आणि दुसरा एक पाइप तसाच रेती भरून, न उलटता, शेजारी ठेवा. त्याचंही तापमान दोन्ही वेळा मोजा, म्हणजे खोलीच तापली असेल तर ते कळेल.

सुरंगी

पाइप आमच्याकडे नळाच्या कामातून उरलेला आहे. रेती उद्याच धुऊन वाळत घालते. शनिवारी आकडे इथे टाकते, मुलांच्याच वहीतले.